पावसाचं गटार वेगळं आणि ड्रेनेज वेगळं, दोन्ही जोडू नका की ओ

सोलापुरात तासभर पाऊस पडला की सगळे एकच म्हणतात, ड्रेनेज तुंबलं. रस्त्यावर पाणी साचलं तरी ड्रेनेज, चेंबरचं झाकण उडालं तरी ड्रेनेज. पण या दोन वेगळ्या लाइनी आहेत, त्यांचं पाणी जातं तेही वेगळीकडे, आणि घर बांधताना आपणच त्या एकमेकांत घुसवतो म्हणून निम्मा घोळ होतो.

ड्रेनेज म्हणजे संडास, बाथरूम, किचनचं पाणी. बंद पाइप, ठराविक अंतरावर चेंबर, आणि शेवट सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, म्हणजे एसटीपीत. पावसाळी गटार मात्र रस्त्याच्या कडेनं जातं, कुठं उघडं तर कुठं फरशी टाकलेलं, मधे मधे जाळी, आणि ते कुठल्याच केंद्रात जात नाही. सरळ नाल्यात नाहीतर तलावात, नाल्यातनं पुढं सीना नदीकडं, आणि सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. म्हणजे गॅरेजवाल्यानं जळकं ऑइल जाळीत ओतलं तर मधे ते साफ करणारं कोणी बसलेलं नाही.

आता गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडला तर काय होतं बघा. ड्रेनेज लाइन डिझाइन करताना माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं (आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही ते सोडा). पाच माणसांच्या घराचे झाले 540 लिटर. आणि हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला की 2300 लिटर पाणी, म्हणजे त्या घराचं चार दिवसांचं सांडपाणी तासाभरात त्याच पाइपात! गल्लीतल्या दहा घरांनी हेच केलं की लाइन भरते आणि सगळ्यात खालच्या अंगाला ज्याचं घर, त्याच्या संडासातनं पाणी उलटं येतं. तो बिचारा कॉर्पोरेशनला फोन लावत बसतो, आणि दोष वरच्या गच्च्यांचा. एसटीपीचंही वाटोळं होतं, तिथं घाण खाणारे जिवाणू असतात, पाण्याचा लोंढा आला की ते वाहून जातात, नाहीतर जास्तीचं पाणी तसंच पुढं सोडावं लागतं.

उलटा प्रकार जास्त चालतो आणि जास्त वाईट. वॉशिंग मशीनचा पाइप, मोरीचं पाणी, कधी कधी सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लोसुद्धा पावसाळी गटारीत. ओळखायची टेस्ट सोपी आहे, आठवडाभर पाऊस नसताना गटारीत पाणी वाहताना दिसलं तर ते पावसाचं नाही, कुणाच्या तरी घरचं आहे. रंगीत पाणी दिसलं तर तो तिसराच विषय, सूत रंगवायचं पाणी दोन्हीकडे तसंच सोडायचं नसतं, त्याला आधी वेगळी प्रक्रिया लागते. साबण आणि मैल्यातला फॉस्फरस, नायट्रोजन तलावात गेला की जलपर्णीला खतच मिळतं, संभाजी तलावात ती पसरलेली आपण सगळ्यांनी बघितलीय. नुसती मशीन लावून काढली तर परत येणारच, येणारं पाणी तेच आहे ना.

बरं मग पावसाचं पाणी तरी स्वच्छ असतं का? तर नाही, पहिल्या पावसाचं तर बिलकुल नाही. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण तो मधे मोठी उघडीप देऊन एकदम कोसळतो, ऑक्टोबर 2020 मधे काय झालं ते जिल्ह्यानं बघितलंय. उघडीपीत रस्त्यावर टायरची भुकटी, ऑइल, शेण, गुटख्याच्या पुड्या, बांधकामाची वाळू असं सगळं साचतं आणि पहिल्या सरीत धुऊन निघतं. या पाण्याला एसटीपीसारखा मोठा प्लांट लागत नाही, त्याचा वेग कमी करायचा आणि गाळ बसू द्यायचा. तलावाच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा, त्याआधी कचऱ्याला जाळी, पुढं बोरू-पाणकणीस लावलेला उथळ पट्टा. धातू आणि फॉस्फरसचा बराच भाग गाळाला चिकटूनच येतो, त्यामुळे गाळ अडला की निम्मं काम झालं. फक्त तो खड्डा मे महिन्यात उपसायला पाहिजे, आणि नेमकं तेच राहतं.

घरी करायचं तर गच्चीचं पाणी बोअरजवळच्या रिचार्ज खड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात घ्या, पहिल्या सरीचं पाणी वेगळं काढायला पाइपला व्हॉल्व्ह ठेवा आणि मधे वाळू-खडीचा फिल्टर टाका. पण आपली काळी माती लक्षात ठेवा. उन्हाळ्यात भेगा पडतात म्हणून वाटतं पाणी लगेच मुरेल, पण ओली झाली की ती फुगते आणि पाणी धरून बसते. खड्डा काळ्या मातीतच थांबवला तर ते डबकं होणार आणि डासांची सोय, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत जायचं. आणि अंगणात पेव्हर ब्लॉक टाकताना खाली काँक्रीट ओतू देऊ नका, मिस्त्री 'मजबूत होतंय' म्हणतो पण मग एक थेंब मुरत नाही.