पार्श्वभूमी : सकाळी ११ची दोन मिनिटे

३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, सकाळी १० वाजून ५९ मिनिटांनी भोंगा सुरू होतो आणि ११ला थांबतो. मग दोन मिनिटे स्तब्धता. ११.०२ ते ११.०३ पुन्हा भोंगा, म्हणजे कामाला लागा. केंद्राच्या परिपत्रकातले हे वेळापत्रक खाली झिरपत तहसील कचेरीपर्यंत आणि शाळेच्या घंटेपर्यंत येते. १९४८ला दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या मात्र संध्याकाळी, पाच वाजून गेल्यावर. त्या घटनेत ११ही सापडत नाहीत आणि दोन मिनिटेही नाहीत. पण १९४८च्या जवळजवळ तीस वर्षे आधीपासून ब्रिटिश साम्राज्यात ११ वाजता दोन मिनिटे थांबण्याची पद्धत होती.

तिची सुरुवात लंडनची नव्हे, दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनची. १९१८च्या मे महिन्यात तिथल्या महापौरांनी दुपारच्या बाराच्या तोफेबरोबर सगळ्या शहराला थांबवायचे ठरवले. त्यांचा स्वतःचा मुलगा महिनाभरापूर्वीच पहिल्या महायुद्धात मरण पावला होता. ट्राम थांबत, माणसे रस्त्यात जिथल्या तिथे उभी राहत. आधी तीन मिनिटांचा प्रयोग झाला, तो लांबला असे वाटून दोनवर आले. हे एका दिवसापुरते नव्हते, वर्षभर रोज चालले. पुढे तिथल्याच एका राजकारण्याने ही कल्पना लंडनला कळवली. मेलबर्नच्या एका पत्रकाराने त्याआधी वर्तमानपत्रात पत्र लिहून पाच मिनिटे मागितली होती, त्यामुळे श्रेय कोणाचे यावर दोन्ही देशांत अजून वाद घालता येतो. राजाचे आवाहन ७ नोव्हेंबर १९१९ला छापून आले आणि चार दिवसांनी, महायुद्ध थांबल्याला वर्ष झाले त्या क्षणी, ११व्या महिन्याच्या ११ तारखेला ११ वाजता साम्राज्य थांबले.

ही स्तब्धता शोकाची होती. तिला शांततेचे, म्हणजे युद्ध नको या अर्थाचे, वळण मागाहून लागले आणि तेही भांडतभांडत. १९३३ला इंग्लंडमधल्या सहकारी चळवळीतल्या बायकांनी छातीवर लावायच्या लाल पॉपीच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या स्मरणफुलाच्या, जागी पांढरी लावायला सुरुवात केली, तेव्हा मेलेल्यांचा अपमान केला म्हणून त्यांच्यावर गहजब झाला. १९३७ला तर भर स्तब्धतेत एक माजी सैनिक गर्दीतून पुढे धावला आणि हे सगळे ढोंग आहे, म्हणून ओरडला. तो मनोरुग्णालयातून पळालेला निघाला. त्यामुळे त्याचे म्हणणे बाजूला टाकणे सोपे गेले. दोन वर्षांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले.

आता शब्दांकडे. खरा गुंता तिथे आहे आणि तो खास मराठीचा आहे.

या दोन मिनिटांना आपण तीन नावे देतो : मौन, स्तब्धता, शांतता. शोकसभेत ‘दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून’, शाळेत ‘मौन पाळा’, बातमीत कधी ‘शांतता पाळण्यात आली’. ‘शांतता’ तर दोन घरची पाहुणी. आवाज नसणे तीही शांतता आणि भांडण नसणे तीही. हिंदीत आवाज नसला तर खामोशी आणि युद्ध नसले तर शांति, असे दोन शब्द हाताशी आहेत. मराठीने ‘शांती’ मनःशांतीला, वास्तुशांतीला, ग्रहशांतीला देऊन टाकली. शांतता करार, नोबेलचा शांतता पुरस्कार, वाचनालयाच्या भिंतीवरचे ‘शांतता राखा’ आणि दंगलीनंतर पोलिसांच्या गाडीवरून येणारे ‘शांतता राखा’ यांचे सगळे ओझे एकाच शब्दावर आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, ते आवाजापुरते. गणपती आणि ईद जवळ आल्या की पोलीस ठाण्यात बसते ती शांतता समिती, आणि तिथे आवाज बराच असतो.

तो असायलाच हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. यंत्रमागांच्या भिवंडीत १९७० आणि १९८४ला मोठ्या दंगली झाल्या. १९८८पासून तिथल्या एका पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ल्यामोहल्ल्यात हिंदू-मुसलमानांच्या समित्या बसवल्या. पाण्याच्या, गटाराच्या, नवरा-बायकोच्या तक्रारींवर लोक तिथे बोलत राहिले. १९९२-९३ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ती शांतता बोलण्यातून आलेली होती.

मग गप्प बसण्याचे मोल कुठे? गीतेने याची विभागणी फार बारकाईने केली आहे. सतराव्या अध्यायात वाणीचे तप म्हणजे कोणाला न दुखावणारे, खरे, हिताचे बोलणे. मौन वाणीच्या तपात नाहीच, ते पुढच्या श्लोकात मनाच्या तपात, मनाच्या प्रसन्नतेशेजारी बसवले आहे. आणि ‘स्तब्ध’? अठराव्या अध्यायात तो तामस कर्त्याचा दुर्गुण आहे : ताठर, न वाकणारा. खांबासारखे उभे राहणे वेगळे आणि आत वळणे वेगळे. आपल्या शोकसभांनी नेमका ‘स्तब्ध’ हाच शब्द उचलला. (पुष्कळ सभांत ती दोन मिनिटे चाळीस सेकंदांत आटोपतात. अध्यक्षांच्या खुर्चीचा आवाज झाला की संपली.)

ज्यांच्या नावाने ३० जानेवारी पाळतात, त्यांचे मौन दुसऱ्या जातीचे होते. सोमवारी गांधीजी बोलत नसत. सुरुवात अगदी व्यवहारातून झालेली : ताण कमी व्हावा, पत्रे लिहायला सवड मिळावी. त्यातले आध्यात्मिक मोल आपल्याला नंतर कळले, असे त्यांनीच लिहिले आहे. १४ सप्टेंबर १९३१ला लंडनच्या गोलमेज परिषदेच्या बैठकीत ते नुसते बसून राहिले, कारण सोमवार होता. बोलले ते मंगळवारी. २ जून १९४७, हाही सोमवार. फाळणीची योजना हातात घेऊन बसलेल्या व्हाइसरॉयसमोर त्यांनी वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या बाजूवर पेन्सिलीने उत्तरे लिहिली. मौन मोडायला त्यांनी दोनच सवलती ठेवल्या होत्या : आजाऱ्याची सेवा आणि तातडीच्या कामासाठी उच्चपदस्थाशी बोलणे. दुसरी सवलत त्या दिवशी सहज लागू होती आणि त्यांनी ती घेतली नाही. तुम्हालाही मी मौन मोडलेले नको आहे हे मला ठाऊक आहे, असे त्यांनी त्याच कपट्यांवर लिहिले. व्हाइसरॉयला हायसे वाटले म्हणतात. फाळणी त्याने टळली नाही.

स्वतंत्र भारताने हे सोमवारचे मौन उचलले नाही, नोव्हेंबरची स्तब्धता उचलली. परिपत्रक तर स्मरण एका माणसाचे न म्हणता स्वातंत्र्यलढ्यात प्राण दिलेल्या सर्वांचे म्हणते. त्यामुळे हुतात्मा दिन सैनिकी स्मरणदिनाच्या आणखी जवळ गेला. हिरोशिमाने असे केले नाही. तिथे ६ ऑगस्टला माणसे थांबतात ती ८ वाजून १५ मिनिटांनी, बॉम्ब पडला त्याच क्षणी.

अलीकडच्या परिपत्रकांत एक कबुलीही येऊ लागली आहे : कार्यालयांत स्तब्धता पाळली जाते, बाहेर लोकांचे व्यवहार मात्र नेहमीसारखे चालू राहतात. म्हणून काम आणि रहदारी दोन्ही थांबवावीत, भोंगा नसेल तिथे सोयीने सूचना द्यावी, असे पुन्हा बजावले जाते. त्याच परिपत्रकात स्वातंत्र्यलढा आणि राष्ट्रीय एकात्मता यांवर भाषणे ठेवावीत अशीही सूचना असते. शाळांतून या दुसऱ्या सूचनेचे पालन जास्त मनापासून होते. दोन मिनिटांची शांतता झाली की पाहुण्यांचे भाषण सुरू होते आणि पोरे मधल्या सुट्टीपर्यंत उन्हात बसून राहतात.