मागच्या रांगेतून 'ऐका' म्हणेपर्यंत : जयश्री गडकर यांच्या वाटचालीची पार्श्वभूमी

१९५५ साली व्ही. शांताराम यांचा 'झनक झनक पायल बाजे' पडद्यावर आला. रंगीत चित्रपट तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे लोक तो पुन्हा पुन्हा पाहत. साऱ्यांचे डोळे गोपीकृष्ण आणि संध्या यांच्या पावलांवर खिळलेले. त्यांच्यामागे समूहात नाचणाऱ्या मुलींकडे कोण बघणार? त्या मुलींमध्ये जेमतेम तेरा वर्षांची एक मुलगी होती. पुढच्या चार वर्षांत ती मराठी चित्रपटाची नायिका झाली आणि नंतरची दीड-दोन दशकं तिच्या नावावर तिकिटं खपली.

जयश्री गडकर यांचा जन्म १९४२चा, कारवारजवळच्या सदाशिवगड परिसरातला. घरची बोली कोकणी. पुढे मुंबई, लहानपणापासून नाच आणि नाचातूनच चित्रपटाच्या समूहनृत्यात प्रवेश. त्या काळी घरात नाटक-सिनेमाचं कुणी नसलेल्या, पण पायात लय असलेल्या मुलीला स्टुडिओत शिरायला हीच एक वाट होती. मागच्या रांगेत उभं राहायचं, मोजून दिलेली पावलं टाकायची. तोंडी वाक्य नाही, श्रेयनामावलीत नाव नाही. बहुतेक मुलींची वाट तिथेच संपायची. जयश्रीबाईंना १९५६च्या 'दिसतं तसं नसतं'मध्ये छोटी नृत्यभूमिका मिळाली. दिग्दर्शक दिनकर द. पाटील होते आणि ती मिळवून देण्यात राजा गोसावींचा हात होता. रांगेतून बाहेर पडल्याचं हे पहिलं पाऊल. पण मागच्या रांगेतून मधोमध येणं ही एकट्या मुलीच्या गुणांची गोष्ट नव्हती. मराठी चित्रपटाला नेमकी त्याच वर्षांत नाचणारी नायिका हवी होती. ती का हवी होती, हे थोडं मागे जाऊन पाहिलं पाहिजे.

१९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' आला. हंसा वाडकर त्यात बया झाल्या होत्या. लावणी आणि कवनांचे सवालजवाब पडद्यावर किती रंगतात हे त्या चित्रपटाने दाखवून दिलं आणि तमाशापट नावाचा प्रकार मराठीत रुजला. त्याच सुमारास गंमत अशी की, खऱ्या तमाशावर सरकारची वक्रदृष्टी होती. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून त्यावर बंदी घातली आणि पुढे अटी घालून ती उठवली. फडावर नाचणाऱ्या बाईला संशयाने बघायचं आणि तीच बाई पडद्यावर आली की तिकीट काढून बघायचं, असा तो काळ. हिंदी चित्रपटांच्या खर्चाशी टक्कर देणं मराठी निर्मात्याला परवडत नव्हतं. मग आपल्याजवळ आहे आणि मुंबईच्या हिंदीवाल्यांजवळ नाही, असं काय? ढोलकी, तुणतुणं, लावणी, तमाशातल्या वगनाट्याची भाषा, गावची चावडी आणि पाटील. तमाशापट हा त्या हिशेबातून आलेला प्रकार होता आणि त्या हिशेबाच्या मध्यभागी पायात चाळ बांधलेली बाई होती.

अनंत माने यांना हे पक्कं कळलं होतं. ते प्रभात फिल्म कंपनीत संकलनाच्या टेबलावर घडलेले दिग्दर्शक. प्रेक्षकाची मान कुठे डोलते आणि कुठे तो खुर्चीत चुळबुळतो, याचा अंदाज त्यांच्या चित्रपटांत सतत जाणवतो. १९५९च्या 'सांगत्ये ऐका'मध्ये त्यांनी सतरा वर्षांच्या जयश्रीला नायिका केलं. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचं. थोडक्यात कथा अशी : गावच्या पाटलाने एका शेतकरी कुटुंबाची राखरांगोळी केलेली असते. त्या घरातली मुलगी तमाशात वाढते आणि अखेर फडावर उभी राहून पाटलाच्या पापाचा पाढा साऱ्या गावासमोर वाचते.

हे शीर्षक मला फार महत्त्वाचं वाटतं. 'सांगत्ये' हे बोलणाऱ्या बाईचं क्रियापद आहे आणि 'ऐका' ही तिची गावाला आज्ञा आहे. तोवर नाचणारी बाई बघायची गोष्ट होती. इथे ती सांगते आणि गाव ऐकतं. नर्तकी अभिनेत्री होते ती नेमकी याच क्षणी, असं मी मानतो. पायांचं काम तेच राहतं, पण ते आता वाक्याचा भाग होतं. त्याच चित्रपटात हंसा वाडकरही होत्या. तमाशापटाची आधीची पिढी आणि नंतरची पिढी एकाच चौकटीत. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव झाला तरी पेढे वाटले जात, त्या काळातले सव्वाशे आठवडे. खेड्यातून बैलगाड्या जुंपून लोक तालुक्याच्या टुरिंग टॉकीजला येत, ते असल्याच चित्रपटांसाठी.

आणि 'बुगडी माझी सांडली गं'. बुगडी हा कानाच्या वरच्या पाळीतला दागिना. लहानसा, सांडला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही असा. पण लावणीत तो सांडण्याची जागा, सांडण्याची वेळ आणि ते घरी कळू नये म्हणून केलेली विनवणी, सगळ्यालाच दुसरा अर्थ असतो. लावणी नाचायला अवघड आहे ती पावलांमुळे नव्हे. शब्द वर एक सांगतो आणि आत दुसरं, ते दोन्ही एकाच वेळी चेहऱ्यावर ठेवावे लागतात म्हणून. लावणीवाल्या याला अदा म्हणतात. बैठकीच्या लावणीत बाई जागची हलत नाही. एका ओळीला भुवई, मान, मनगट आणि पदर एवढ्यावर दहा वेगळ्या अदा करून दाखवते. चित्रपटात तर आवाजही तिचा नसतो. इथे तो आशा भोसल्यांचा होता. म्हणजे गळा दुसरीचा, शब्द माडगूळकरांचे, चाल पवारांची, आणि हे सगळं माझंच आहे असं प्रेक्षकाला पटवायचं काम एका कोवळ्या मुलीच्या डोळ्यांवर. तिने ते पटवलं. ते गाणं आजही लागलं की आशाबाईंचा आवाज आणि जयश्रीबाईंची मान वेगळी काढता येत नाही.

कथ्थकातून आलेली नाचणारी आणि फडातून आलेली नाचणारी यांच्यात फरक असतो. पाऊल स्वच्छ टाकण्याची सवय लावणीत कधीकधी आड येते, कारण लावणीला थोडं रेंगाळणं लागतं, सम गाठण्याआधी प्रेक्षकाला ताटकळत ठेवावं लागतं. जयश्रीबाईंची पावलं आखीव होती हे दिसतं. पण चेहरा रेंगाळायला शिकला होता. अभिनयाची शाळा त्यांना तिथेच मिळाली, असं त्यांचे पुढचे चित्रपट पाहताना सारखं जाणवतं.

१९६१ साली 'वैजयंता' आला. ही अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबरीवरची कथा. अण्णा भाऊंनी स्वतः तमाशाचा फड जवळून जगलेला, त्यामुळे तिथली तमासगिरीण कुणाच्या कल्पनेतली रंगीत बाहुली नव्हती. पोटासाठी नाचणारी आणि मानासाठी झगडणारी बाई होती. मग १९६४ला पुन्हा अनंत माने आणि 'सवाल माझा ऐका'. पुन्हा शीर्षकात तोच शब्द. समोर अरुण सरनाईक, दोघांमध्ये सवालजवाबांची झुंज. सवालजवाब हा तमाशातला बुद्धीचा भाग आहे. कोडं घालायचं आणि समोरच्याने ते चालीत, ठेक्यात, क्षणात सोडवायचं. तिथे नायिका नायकाच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याला अडवते. 'सोळावं वरीस धोक्याचं' आणि 'कसं काय पाटील बरं हाय का' ही सुलोचना चव्हाण यांची गाणी याच चित्रपटातली. त्या ठसक्याने लावणी शहरी दिवाणखान्यातल्या रेडिओपर्यंत पोचली.

त्या एवढंच करत राहिल्या असत्या, तर 'नाचाची बाई' हा शिक्का पडला असता. असा शिक्का पडलेल्या गुणी नर्तकी मराठीत कमी नाहीत. लीला गांधींसारखी तयारीची नर्तकी कितीतरी चित्रपटांत एका गाण्यापुरती आली आणि गेली. त्यांच्या वाट्याला मोठ्या भूमिका तशा थोड्याच आल्या, याची हळहळ आजही वाटते. जयश्रीबाईंच्या बाबतीत 'वैजयंता'च्याच वर्षी 'मानिनी'ही आला आणि पारडं बदललं. दिग्दर्शक अनंत मानेच, कथा महादेवशास्त्री जोशींची. माहेरच्या श्रीमंतीपुढे नवऱ्याच्या गरिबीचा मान राखणारी बाई. त्यात बहिणाबाई चौधरींच्या कविता गाणी होऊन आल्या : 'अरे संसार संसार', 'अरे खोप्यामधी खोपा'. बहिणाबाई जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती आणि त्यांच्या ओळी या चित्रपटामुळे महाराष्ट्रभर लोकांच्या ओठी बसल्या. दोनच वर्षांपूर्वी ज्या चेहऱ्याने बुगडी सांडली होती, तोच चेहरा आता चुलीपुढे बसून संसाराचं तत्त्व सांगत होता आणि लोकांना ते खोटं वाटलं नाही. हे सोपं नाही. आपला प्रेक्षक तमासगिरणीला टाळ्या देतो, पण तिला सहजासहजी सून करून घेत नाही.

पुढे कोल्हापुरात भालजी पेंढारकरांकडे 'मोहित्यांची मंजुळा' आणि १९६५चा 'साधी माणसं'. दोन्हींचं संगीत 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांचं. 'साधी माणसं'मध्ये त्या लोहाराची बायको होत्या, समोर सूर्यकांत. 'ऐरणीच्या देवा तुला' हे गाणं पाहा. त्यात नाच नाही. पण घण, ऐरण आणि श्वास यांची लय अंगात भिनलेली बाई तिथे दिसते, आणि ती लय नाचातूनच आलेली आहे. नर्तकी स्थिर बसली तरी तिच्या अंगात ठेका चालू असतो. कॅमेऱ्याला तो दिसतो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पडद्यावरची तमासगिरीण गाजत होती, त्या वर्षांत विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या अस्सल कलावंत गावोगावच्या जत्रांत, कनातीच्या आत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात उभ्या होत्या. चित्रपटाने त्यांची लावणी घेतली, नऊवारीचा काष्टा घेतला, कंबरपट्टा घेतला, वग सादर करणारा ढोलकीफड आणि बायकांच्या लावणीगायन-नाचाची संगीतबारी हे दोन वेगळे प्रकार एकत्र कालवले. नायिकेची जागा मात्र त्यांना सहसा मिळाली नाही. यात जयश्रीबाईंचा दोष नाही. त्या स्वतः मागच्या रांगेतून आल्या होत्या आणि त्यांनी तमासगिरणीला पडद्यावर मान दिला. पण त्यांच्या यशाची गोष्ट सांगताना या बायकांचं नाव घेतलं नाही, तर ती अर्धी राहते.

हिंदीतही त्यांनी बरंच काम केलं. मुकेश यांच्या 'सारंगा तेरी याद में'मुळे आजही आठवला जाणारा १९६१चा 'सारंगा' त्यांचाच. पौराणिक चित्रपटांत तर त्यांना सतत मागणी होती. दारासिंग शंकर झाले त्या १९७४च्या 'हर हर महादेव'मध्ये त्या पार्वती होत्या. १९७५ साली त्यांनी अभिनेते बाळ धुरी यांच्याशी लग्न केलं. 'अशी मी जयश्री' हे आत्मकथन लिहिलं. पुढे 'अशी असावी सासू'चं दिग्दर्शनही केलं. लहानमोठ्या मिळून त्यांच्या चित्रपटांची संख्या अडीचशेच्या घरात सांगितली जाते. तोवर तमाशापटाचा भर ओसरला होता. संध्याबाईंचा 'पिंजरा' १९७२ला आला, उषा चव्हाण दादा कोंडकेंबरोबर वेगळ्याच बाजाचे चित्रपट करू लागल्या होत्या.

२५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली. त्यात बाळ धुरी दशरथ होते आणि जयश्रीबाई कौसल्या. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. लावणी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हतं, अशा उत्तरेतल्या कोट्यवधी घरांनी त्यांना रामाची आई म्हणून ओळखलं. आमच्याकडे मात्र राम वनवासाला निघाला त्या दिवशी कौसल्येच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा टीव्हीपुढे बसलेल्या आजीने पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला हळूच सांगितलं, "ही आपली बुगडीवाली गं." २९ ऑगस्ट २००८ला जयश्रीबाई गेल्या. त्या संध्याकाळी मराठी वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा दाखवावं असं गाणं कोणतं, हे कुणाला विचारावं लागलं नसेल.