काउंटरवरच्या टोप्या: रॅक घेण्याआधी हे वाचा

गोव्यात टोप्या विकणाऱ्या दुकानदारांसाठी हे पत्रक आहे. आम्ही डिचोलीत काउंटरवर ठेवायचे रॅक बनवतो, तारेचे, स्टीलचे आणि लाकडाचे. बरेच जण मोबाईलमध्ये एखादा फोटो घेऊन येतात आणि ‘अगदी असाच करून द्या’ म्हणतात. फोटोतलं काउंटर केवढं होतं, तिथली हवा कसली, तिथे कुठल्या टोप्या विकत होते, हे त्या फोटोवरून कळत नाही. म्हणून आम्ही आधी एक विचारतो: गिऱ्हाईक टोपी आपल्या हातानं उचलणार, की तुम्ही काढून देणार?

बाकी सगळं यावर ठरतं. शर्ट अंगाला लावून अंदाज घेता येतो, टोपी डोक्यावर चढवल्याशिवाय कुणालाच काही ठरवता येत नाही. आणि जी टोपी मागून घ्यावी लागते, ती अनेक जण मागतच नाहीत. मागितली तर घ्यावी लागेल असा त्यांना संकोच वाटतो. तेव्हा रॅक असा हवा की टोपी एका हातानं उचलता यावी, घालून पाहता यावी आणि कुणाला न विचारता परत जागेवर ठेवता यावी. एका हातानं असं मुद्दाम म्हणतो, कारण दुसऱ्या हातात शहाळं असतं, मोबाईल असतो, नाहीतर मुलाचा हात असतो.

आधी टेप, मग रॅक

काउंटरची लांबी मोजा आणि त्यातून बिल करायची जागा सोडा. क्यूआर कोडचा स्टँड, कार्डाचं मशीन, बिलबुक आणि पिशवी भरायला मिळून ४५ ते ५० सेंटिमीटर मोकळे लागतातच. १२० सेंटिमीटरच्या काउंटरवर मग टोप्यांना उरतात ७०. काउंटरची खोली, म्हणजे पुढून मागचं माप, बहुतेक ठिकाणी ४५ ते ६० सेंटिमीटर असते.

आता टोपी मोजा. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ६२ सेंटिमीटर असतो. ५७ चा घेर धरला तर टोपीची आतली रुंदी सरासरी १८ सेंटिमीटर येते. तिला आठ सेंटिमीटरचा काठ असेल तर आरपार माप झालं ३४. किनाऱ्यावर खपणाऱ्या बायकांच्या गवती हॅटचा काठ ११-१२ सेंटिमीटरचाही असतो, म्हणजे एक हॅट ४० सेंटिमीटरहून जास्त जागा खाते.

हे गणित आम्ही इथे छापतो, कारण सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथेच होते. फिरता रॅक दिसायला छान, म्हणून तोच हवा असतो. पण रुंद काठाच्या चार हॅट चारी बाजूंना लावून रॅक फिरवायचा म्हटलं, तर तो वळताना ७०-७५ सेंटिमीटरचा गोल घेतो. ६० सेंटिमीटर खोल काउंटरवर तो मागच्या भिंतीला घासणार, नाहीतर पुढे गिऱ्हाइकाच्या छातीला लागणार. त्यामुळे रुंद काठाच्या हॅटसाठी काउंटरवरचा फिरता रॅक आम्ही करून देत नाही. कॅपसाठी मात्र तो उत्तम. तारेच्या खणात कॅप एकात एक बसतात, पुढचं चित्र समोर राहतं आणि सगळा पसारा ४०-४५ सेंटिमीटरच्या गोलात मावतो.

मग हॅटचं काय करायचं? दोन मार्ग आहेत. एक म्हणजे झाडासारखा उभा रॅक: मधे दांडा आणि फांद्या वरखाली, आलटून पालटून, म्हणजे काठ एकमेकांवर न टेकता एकमेकांखाली सरकतात. दुसरा मार्ग साधी उतरंड. एकात एक सहा हॅट ठेवल्या तर पहिलीची उंची सुमारे १२ सेंटिमीटर, पुढच्या प्रत्येकीमागे दोन-अडीच सेंटिमीटरची भर, म्हणजे सगळ्या मिळून पंचवीसच्या आत. एका उतरंडीत एकच रंग ठेवा. रंग मिसळले की खालची हॅट हवी असलेला माणूस सगळी उतरंड उपसतो आणि काठ मोडतात.

टोपी टेकते कुठे

खुंटीवर लटकवलेली गवती टोपी आठ-दहा दिवसांत माथ्यावर टोक काढते. खुंटीचं बारीक तोंड एकाच जागी रुततं आणि पावसाळी दमट हवेत गवत मऊ पडलेलं असल्यानं तो उंचवटा तसाच राहतो. नुसत्या काठावर टेकवून ठेवली तर काठ चपटा होतो, लाटेसारखा वाकतो. टोपीनं माथ्याच्या आतल्या बाजूनं रुंद आधारावर बसावं आणि काठ हवेत मोकळा राहावा, हे सगळ्यात चांगलं. आम्ही १४ ते १५ सेंटिमीटर व्यासाची लाकडी किंवा तारेची गोल घुमटी देतो. १८ च्या टोपीत ती सैल बसते, त्यामुळे एका हातानं टोपी सुटते. लहान मुलांच्या टोप्यांचा घेर ५० ते ५४ असतो. त्यांना १२ ची घुमटी द्या आणि त्या सगळ्यात खाली लावा, मुलाच्या हाताला येतील अशा.

फेल्टची हॅट किंवा चांगल्या विणीची महाग हॅट असेल तर रोज रात्री दुकान बंद करताना ती उलटी, माथ्यावर, फळीवर ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, काठ वर्षभर सरळ राहतो.

किमतीची चिठ्ठी गवताला टाचणीनं लावू नका, टाचणीनं काडी तुटते आणि तिथून वीण उसवते. आतल्या पट्टीला दोरा ओवून लावा. त्याहून बरं म्हणजे रॅकच्या फांदीवरच किंमत लिहा. किंमत समोर दिसली की माणूस टोपीला निवांत हात लावतो.

तोल

हे जरा सविस्तर सांगतो, कारण लहान मूल जवळ असताना रॅक पडणं आम्हाला कुणाच्याही दुकानात नको आहे.

समजा रॅक ६० सेंटिमीटर उंच, तळ ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल, आणि टोप्यांसकट वजन तीन किलो. वरच्या टोकाला आडवं ओढलं तर किती जोरानं तो कलंडेल? तळाची त्रिज्या १५, उंची ६०, म्हणजे वजनाच्या एक चतुर्थांश ओढ पुरते: पाऊण किलो. घट्ट बसलेली टोपी खसकन ओढताना एवढा जोर सहज लागतो. तळात तीन किलोची लोखंडी चकती घातली की हीच ओढ दीड किलो होते. तळ ३० चा ४० केला तर वजन न वाढवताही एक किलो. आमचा प्रत्येक उंच रॅक जड तळाचा असतो. उचलताना तक्रार होते, पण ते वजन आम्ही कमी करत नाही.

दुकानात आल्यावर रॅक रिकामा पाहू नका. एकाच बाजूला सगळ्या टोप्या लावा, दुसरी बाजू मोकळी सोडा आणि सगळ्यात वरची टोपी झटक्यानं काढा. संध्याकाळपर्यंत रॅकची अवस्था अशीच होणार असते. त्यात तो डळमळला तर घेऊ नका, आमचा असला तरी.

काउंटर काचेचं असेल तर जड रॅक काचेच्या मध्यावर ठेवू नका, चौकटीजवळ ठेवा. खाली रबराचे पाय हवेत. ग्रॅनाइटवर पत्र्याचा तळ सरकतो.

कळंगुट, बागा, हणजूण इथल्या उघड्या दुकानांना वाऱ्याचीही काळजी घ्यावी लागते. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की रुंद काठाची हॅट पतंगासारखी उचलली जाते. फांदीचं टोक दोन-तीन सेंटिमीटर वर वळवलेलं असलं, तर हॅट निसटत नाही आणि उचलायलाही अडत नाही. चिमटे लावू नका. चिमट्यानं काठावर वण उठतो आणि गिऱ्हाइकाला दोन हात लागतात.

खारी हवा

सुरुवातीच्या काळात आम्ही साध्या लोखंडी तारेचे रॅक रंग मारून देत होतो. डिचोलीत, फोंड्यात ते टिकले. किनाऱ्यावर दिलेले दुसऱ्या पावसाळ्यात जोडाजोडांवर तांबारले आणि गंजाचे डाग पांढऱ्या टोप्यांच्या आतल्या पट्टीवर उतरले. माल दुकानदाराचा खराब झाला, चूक आमची होती. ते रॅक आम्ही परत घेतले आणि तेव्हापासून किनाऱ्यासाठी वेगळं काम करतो.

गंज पहिल्यांदा धरतो तो वेल्डिंगच्या जागी. म्हणून रॅक घेताना दांड्याची चकाकी सोडा, जोड पाहा. जोड घासून गुळगुळीत केलेला हवा आणि त्यावर लेप सलग बसलेला हवा. पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला कोरड्या रंगाचा लेप, ६० ते ८० मायक्रॉन जाडीचं असावं, आणि त्याआधी पत्रा धुऊन फॉस्फेटच्या द्रावणातून काढलेला असावा. हे धुणं वगळलं की वरचा लेप कितीही देखणा असो, तो पापुद्र्यासारखा सुटतो. क्रोमचा मुलामा दिलेली तार बाजारात स्वस्त मिळते. पणजी-म्हापशाच्या बंद, एसी दुकानात ती चालेल. समुद्रासमोर घेऊ नका.

स्टेनलेस स्टीलमध्ये ग्रेड विचारा. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त दाद देत नाही. ३०४ किनाऱ्यालगत चहासारखे तपकिरी डाग धरतं. ते गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं वरचेवर पुसलं तर चांगलं राहतं. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, ते खाऱ्या हवेत लवकर गंजतं. लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील चांगलं, अशी पारख करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण २०२ लासुद्धा चुंबक नीटसं चिकटत नाही. तेव्हा चुंबकावर विसंबू नका, बिलावर ग्रेड लिहून मागा. आम्ही लिहून देतो.

सगळ्यांना ३१६ लागत नाही. दुकान समुद्रापासून आत असेल, दारं बंद राहत असतील, तर चांगलं पावडर कोटिंग पुरे. उगाच जास्त पैसे घालू नका.

लाकडात सागवान किंवा नीट पॉलिश केलेलं रबरवूड घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, आमच्या हवेत फुगतं, आधी कडा, मग स्क्रूची भोकं. प्लायवूडच हवं असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय मागा आणि कापलेल्या कडा बंद करून घ्या. अॅक्रिलिक दिसायला स्वच्छ, गंजाची चिंता नाही. फक्त ते सॅनिटायझरनं किंवा काच पुसायच्या अमोनियाच्या द्रावणानं पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बस्स.

आरसा

रॅकपाशी आरसा नसेल तर गिऱ्हाईक मोबाईलचा कॅमेरा उघडतं, मग त्यावर आलेला मेसेज पाहतं आणि टोपी तिथेच राहते. आरसा केवढा? आपलं रूप पूर्ण दिसायला त्याच्या निम्म्या मापाचा आरसा लागतो. ४० सेंटिमीटरच्या हॅटला निदान २० सेंटिमीटर रुंद. तयार रॅकला १५ चा आरसा असतो, त्यात हॅटच्या दोन्ही कडा कापल्या जातात आणि घालणाऱ्याला ती अंगावर आल्यासारखी वाटते. आम्ही २२ बाय ३० चा लावतो, किंचित मागे कललेला, म्हणजे उंच माणसालाही वाकावं लागत नाही. उजेड चेहऱ्यावर पडायला हवा. आरशात पाहताना पाठीमागे लखलखीत किनारा असेल तर चेहरा काळाच दिसतो. रॅक जरा आडवा फिरवून ठेवा. आरसा खऱ्या काचेचाच हवा, पण मागची बाजू आणि कडा रंगानं बंद केलेल्या, नाहीतर दमट हवेनं कडा काळ्या पडत जातात.

आठवड्याचा बाजार

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजूणच्या बुधवारच्या बाजारात टेबल मांडणाऱ्यांना वरचं बरंचसं लागू नाही. त्यांना घडी होणारा, स्कूटरवर नेता येणारा रॅक हवा. तिथे जड तळ नेणं शक्य नसतं, म्हणून आम्ही टेबलाच्या कडेला आवळायचा शिकंजा देतो. टेबल डगमगतं असेल तर शिकंजाही डगमगतो, तेवढं आधी बघा.

पावसाळ्यात

मेअखेर शॅक उतरतात, किनाऱ्यावरची पुष्कळ दुकानं बंद होतात. रॅक तसाच ताडपत्रीखाली टाकून जाऊ नका. गोड्या पाण्यानं धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, स्क्रू काढून त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावा आणि सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये गुंडाळला तर आत घाम धरतो आणि गंज तिथूनच चढतो. गवती टोप्या सावलीत वाळवून, माथ्यात कागद भरून, सिलिका जेलच्या पुड्यांसह खोक्यात ठेवा आणि खोकं जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. महिन्यातून एकदा उघडून पाहा. बुरशीचा वास एका टोपीला आला की खोकंभर पसरतो.

आमच्याकडे येताना

काउंटरची लांबी, खोली आणि जमिनीपासूनची उंची लिहून आणा. उंची लागते, कारण रॅकची वरची रांग उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, म्हणजे जमिनीपासून १५० ते १६० सेंटिमीटरवर यावी असं आम्ही पाहतो. काउंटर ९५ चं असेल तर रॅक ६० चा बसतो. ११० च्या काउंटरवर तोच रॅक गिऱ्हाईक आणि तुमच्यामध्ये भिंत होतो. दुकानाच्या दारातून काउंटरचा एक फोटो काढा. आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त खपणारी आणि सगळ्यात रुंद अशा दोन टोप्या सोबत आणा, आम्ही रॅक त्यांच्यावर मापून करू.

दहाच्या आत टोप्या ठेवत असाल तर आमचा रॅक घेऊ नका. दोन लाकडी घुमट्या आणि एक आरसा एवढंच न्या, तेवढ्यानं काम होतं. हंगामासाठी रॅक हवा असेल तर गणेशचतुर्थीच्या आधी सांगा. चतुर्थीत आमची माणसं घरी जातात, आणि पावडर कोटिंगचं काम आम्ही घाईत करत नाही.