नळीतून पट्टीवर: मिलिमीटर लहरींचा अवघड जोड

गेटवेच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी उभं राहून बघा, लाट उभ्या भिंतीवर आपटते, तशीच मागे फिरते, समोरून येणाऱ्या लाटेला भिडते आणि पाणी तिथल्या तिथे खालीवर होत राहतं. तीच लाट गिरगाव चौपाटीच्या उतारावर आली की वाळूवर चढता चढता विरून जाते, मागे फारसं काही जात नाही. लाट भिंतीवर आपटू न देता पुढे नेणं, माझं रोजचं काम हेच आहे, फक्त लाट विजेची आणि लांबीला ३-४ मिलिमीटर.

७५ ते ११० गिगाहर्ट्झ (सेकंदाला इतके अब्ज हेलकावे) हा फ्रिक्वेन्सीचा पट्टा घ्या, गाड्यांमधलं ७७ गिगाहर्ट्झचं रडार यातच येतं. इथे सिग्नल कमी लॉसमध्ये, म्हणजे वाटेत कमीत कमी शक्ती वाया घालवून न्यायचा तर वेव्हगाइड लागते, म्हणजे धातूची चौकोनी पोकळ नळी. आतली पोकळी २.५४ बाय १.२७ मिलिमीटर, एक तीळ आडवा सरकवला की जवळपास भरलीच. जगदीशचंद्र बोस १८९० च्या दशकात कोलकात्यात ५ मिलिमीटरच्या आसपासच्या लहरींवर पोकळ नळ्या आणि हॉर्न (कर्ण्यासारखे अँटेना) वापरून प्रयोग करत होते, पण त्यांना चिप जोडायची नव्हती. आपल्याला जोडायचीय, आणि चिपकडे जाणारी वाट म्हणजे सर्किटवरची सपाट पट्टी, मायक्रोस्ट्रिप.

दोन्हीकडे लहर वागते वेगळी. नळीत विद्युतक्षेत्र रुंद भिंतीच्या मधोमध सगळ्यात जोरात असतं आणि कडेला शून्य होतं, मायक्रोस्ट्रिपमध्ये ते पट्टी आणि खालच्या धातूच्या थराच्या (ग्राउंडच्या) मध्ये दाबून बसलेलं असतं, शिवाय पट्टीचा इम्पीडन्स, म्हणजे लहरीसाठीचं व्होल्टेज आणि करंटचं गुणोत्तर, सहसा ५० ओहम आणि नळीचा काही शे ओहम. नुसतं टोकाला टोक लावलं तर गेटवेची भिंतच झाली.

म्हणून पातळ क्वार्ट्झवर किंवा तशाच सबस्ट्रेटवर (सर्किट छापायच्या पातळ तुकड्यावर) छोटी पट्टी छापायची आणि रुंद भिंतीच्या मधोमध फट ठेवून तिथून नळीत डोकवायची, हा प्रोब. नळी पुढे बंद करायची, त्या बंद टोकाला बॅकशॉर्ट म्हणतात. प्रोबला चुकवून पुढे गेलेली लहर तिथून परतते, आणि अंतर पाव तरंगलांबी असेल तर ती प्रोबपाशी बरोबर ताल धरून येते, सगळी शक्ती पट्टीत जाते.

इथवर सोपं वाटतं ना, पण नळीतली तरंगलांबी बाहेरच्या हवेतल्यापेक्षा मोठी असते आणि फ्रिक्वेन्सीबरोबर झपाट्याने बदलते. ७५ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी १.६२ मिलिमीटर, ९० ला १.१०, ११० ला ०.८१. पट्ट्याच्या एका टोकाला जे अंतर हवं ते दुसऱ्या टोकाला निम्मं, आणि बॅकशॉर्ट तर एकाच जागी फिक्स. वाइडबँडचं, म्हणजे अख्खा पट्टा एकाच जोडातून चालवण्याचं, सगळं दुखणं या आकड्यांत आहे. मला यातला सगळ्यात सुंदर उपाय वाटतो तो असा, की प्रोबचा आकार आणि बॅकशॉर्टचं अंतर असं निवडायचं की फ्रिक्वेन्सी बदलली की दोघांच्या चुका उलट्या दिशेला जातील आणि बऱ्याच अंशी एकमेकांना खातील, मग उरलेला फरक पुढच्या अरुंद पट्टीने आणि एका पाव तरंगलांबीच्या तुकड्याने भरून काढायचा. दुसरा मार्ग सरळ चौपाटीचा, नळीत हळूहळू उंच होत जाणारी धातूची कड (रिज) किंवा निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या वापरून लहरीला सावकाश वळवायचं. बँड झकास मिळतो, पण लांबी वाढते आणि लांबीबरोबर लॉस पण.

बनवताना नळीचा धातूचा ब्लॉक दोन भागांत मिल करतात, म्हणजे फिरत्या टूलने कोरतात. चीर रुंद भिंतीच्या मधोमध, लांबीच्या दिशेने पाडायची, कारण तिथे करंट चिरेला समांतर वाहतो, बांबू उभा चिरावा तसं, म्हणून फार काही तुटत नाही. तांब्यात ९० गिगाहर्ट्झचा करंट जेमतेम ०.२ मायक्रॉन खोल शिरतो, त्यामुळे टूलचे बारीक ओरखडेही लॉसमध्ये दिसतात. एकदा आमचा एक नमुना काही केल्या जमेना, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर सबस्ट्रेटखालचा गोंद फटीतून नळीत ओघळला होता, केसाएवढाच, पण केस म्हणजे ०.०५-०.१ मिलिमीटर आणि पाव लांबी १.१, मग बिघडणारच की.

मोजायला असे दोन जोड पाठीला पाठ लावतात, एका नळीतून आत, दुसरीतून बाहेर, आणि मोजलेल्या लॉसला दोनाने भागून एका जोडाचा लॉस काढतात. परावर्तन, म्हणजे मागे फिरलेली लहर, डीबीत (डेसिबलमध्ये) मोजतात: २० डीबी खाली म्हणजे १ टक्का शक्ती मागे, १० डीबी म्हणजे १० टक्के. पण यात एक गोम आहे, दोन जोडांची परावर्तनं काही फ्रिक्वेन्सींना एकमेकांना पुसून टाकतात आणि आलेख खोटाच छान दिसतो, म्हणून मी मधल्या पट्टीची लांबी बदलून दुसरा नमुना नेहमी बनवून घेतो, आणि दोन्हीत आलेखातली जी खाच (परावर्तन खूप कमी असलेली जागा) एकाच जागी राहते तिच्यावरच विश्वास ठेवतो.