बॅगेत पाणी शिरतं कुठून

मागच्या जुलैत यवतेश्वरचा घाट चढून कासवरनं बामणोलीला उतरलो आणि सायकलच्या फ्रेम बॅगमधनं कोरडा शर्ट काढायला गेलो, तर शर्ट ओला आणि त्यावर सगळीकडं पांढरट पापुद्रे चिकटलेले, हाताला चिकट, वासही आंबूस. बॅगचं कापड बाहेरून अगदी ठणठणीत, एक दोरा उसवला नव्हता. गेला होता तो आतला पीयू कोटिंगचा, म्हणजे पाणी अडवायला दिलेला पॉलियुरेथेन प्लास्टिकचा थर. दोन पावसाळे बॅग माळ्यावर पडून होती, तेवढ्यात तो सुटला. आपण दुकानात कापड किती जाड हेच विचारतो, पण पाणी अडवायचं काम बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी करत असतं, आणि हे सगळं मागं जाऊन बघितल्याशिवाय नीट कळत नाही.

सुरुवात आपल्याकडंच करू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशेसुद्धा अवघड. पण माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या धनगरांची घोंगडी दोन्हीकडं चालते. मेंढीच्या लोकरीत मूळचंच तेल असतं, वर चिंचोक्याची खळ दिली की ती ताठ होते, खोळ करून डोक्यावर घेतली की पाणी बाहेरून ओघळून जातं, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पिऊनही अंगाला गार लागत नाही. घोंगडी भिजते, जडही होते, पण तिच्यावर सोलून जाईल असा वेगळा थरच नाही.

तिकडं स्कॉटलंडचे खलाशी शिडाच्या कापडाला जवसाचं तेल लावायचे. ते थंडीत कडक व्हायचं आणि पिवळं पडायचं, म्हणून पुढं पॅराफिन मेण आलं. आपण ज्याला मेणकापड म्हणतो त्याच जातीची ही वस्तू. मेण उडालं की पुन्हा गरम करून चोळायचं, एवढीच देखभाल. मग 1823 मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मधे रबर घालून पेटंट घेतलं, पण ते सुरुवातीचं रबर उन्हात चिकचिक करायचं. इंग्लंडमधल्या सायकलवाल्यांचा जुना भरवसा वेगळ्याच गोष्टीवर, घट्ट विणलेल्या सुती डक कॅनव्हासवर. तो ओला झाला की सूत फुगतं आणि विणीतली भोकं बुजतात. मला हे फार आवडतं, पाणीच पाण्याला अडवतं! वजन मात्र वाढतं.

नायलॉन 1935 मध्ये ड्यूपॉन्टच्या वॉलेस कॅरोथर्सच्या प्रयोगशाळेत तयार झालं. बॅगांच्या लेबलवर दिसणारं कॉर्ड्युरा हे कापडाचं नाव त्याहून जुनं, 1929 चं, तेव्हा ते रेयॉन होतं आणि दुसऱ्या महायुद्धात गाड्यांच्या टायरमध्ये जायचं. नायलॉनचा कॉर्ड्युरा साठच्या दशकातला, आणि 1977 मध्ये त्याला रंग नीट धरवायची पद्धत सापडल्यावर बॅगांमध्ये तो सगळीकडं झाला. डेनिअर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे 1000 डेनिअरचा तेवढा धागा बरोबर एक किलो भरतो. या आकड्यावरनं घासलं जाण्याला कापड किती टिकेल याचा अंदाज येतो, पाण्याबद्दल तो काहीच सांगत नाही. पाणी अडवतो तो आतला पीयू, आणि त्यातला स्वस्त पॉलिएस्टर जातीचा दमट हवेत हळूहळू तुटत जातो, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. पॉलिइथर जातीचा किंवा टीपीयू (पीयूचाच गरम केल्यावर वितळणारा प्रकार) बराच टिकतो. आपल्याकडं चार महिने हवाच ओली, त्यामुळं हा फरक इथं जास्त जाणवतो.

एक्स-पॅक हे थरांचं कापड आलं ते शर्यतीच्या बोटींची शिडं करणाऱ्यांकडून. बाहेर नायलॉन, मधे तिरप्या काट्यांची पॉलिएस्टरची जाळी, त्याखाली पातळ फिल्म. हलकं आहे, आकार धरून राहतं, म्हणून बाईकपॅकिंगवाले, म्हणजे सायकललाच सामान बांधून लांब फिरणारे, त्याच्या मागं. पण सुईनं टाके घातले की फिल्मला भोकं पडतातच, आतून सीम टेप, म्हणजे शिवणीवर चिकटवायची पट्टी, नसेल तर पाणी शिवणीतनं येतं. महाग कापडाची बॅग घेऊन टेप नसणं मला तरी पैसे वाया घालवल्यासारखं वाटतं.

यावर सरळ उत्तर 1982 च्या सुमाराला जर्मनीत हार्टमुट ऑर्टलीबनं काढलं. पावसात सायकल चालवताना शेजारून जाणाऱ्या ट्रकांची ताडपत्री त्यानं बघितली आणि तिच्याच कापडाच्या बॅगा केल्या, पुढं शिवण काढून कडा गरम करून जोडल्या, म्हणजे सुईचं भोकच नाही. तीच पीव्हीसीची ताडपत्री आपल्या हळदीच्या आणि साखरेच्या ट्रकांवरही असते.

परवा बाजारात ताडपत्री शिवणाऱ्या मामांकडं जाऊन ऑफिसच्या बॅगचं माप दिलं. कापड त्यांनी अंगठ्यानं दुमडून घडीवर नख ओढलं, पांढरी रेघ उठली तसा तो तुकडा बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. म्हणले, खालच्या बाजूला शिवण नको, तळ एकसंध घेतो, तोंड तीन घड्या घालून बंद होईल असं करतो. मी हो म्हणलं.