तोतया क्रमांकाचे दूरध्वनी

तोतया क्रमांकाचे दूरध्वनी : (कॉलर आयडी स्पूफिंग). फोन करणाऱ्याने आपला खरा क्रमांक दडवून त्या जागी दुसराच क्रमांक समोरच्याच्या पडद्यावर उमटवण्याचा प्रकार. हा दुसरा क्रमांक कधी बँकेचा किंवा पोलीस ठाण्याचा असतो, कधी काहीच कल्पना नसलेल्या एखाद्या सामान्य ग्राहकाचा, तर कधी कोणालाच न दिलेला. नकोसे व्यापारी फोन (स्पॅम कॉल) हा याचा शेजारी प्रकार असला तरी दोहोंत भेद आहे. व्यापारी फोनमध्ये उपद्रव असतो, पण क्रमांक बहुधा खरा असतो. तोतया फोनमध्ये ओळखच उसनी असते.

संज्ञा : ‘स्पूफ’ हा इंग्रजी शब्द १८८० च्या दशकातला. ब्रिटिश विनोदी नट आर्थर रॉबर्ट्स यांनी काढलेल्या फसवाफसवीच्या एका खेळाचे ते नाव होते, असे सामान्यतः मानतात. मराठी वृत्तपत्रांत ‘बनावट क्रमांक’ आणि ‘फेक कॉल’ हे शब्द रुळले आहेत. मात्र ‘बनावट क्रमांक’ म्हटले की क्रमांकच खोटा, असा ग्रह होतो. प्रत्यक्षात क्रमांक पुष्कळदा अस्सल असतो आणि त्याआड बोलणारा माणूस भलताच असतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या व १७७६ मध्ये देहान्त शासन झालेल्या इसमामुळे ‘तोतया’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी कायमचा बसला. खऱ्या व्यक्तीचे नाव घेऊन आलेला परका, हा त्याचा नेमका अर्थ येथे लागू पडतो, म्हणून या नोंदीत तोच वापरला आहे.

क्रमांकदर्शनाचा उगम : फोन कोणाचा आहे हे उचलण्यापूर्वी दिसावे, ही कल्पना प्रथम कोणाची याबद्दल एकमत नाही. ग्रीक अभियंते थिओडोर पारास्केवाकोस यांनी १९६८ च्या सुमारास अथेन्समध्ये या कामाला हात घातला. १९७१ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या लीसबर्ग येथे त्यांच्या यंत्रणेचे प्रात्यक्षिक झाले आणि १९७३ पासून त्यांना अमेरिकी एकस्वे (पेटंट) मिळत गेली. जपानचे काझुओ हाशिमोतो यांनी १९७६ मध्ये क्रमांक दाखवणाऱ्या उपकरणाचा नमुना तयार केला, आणि जपानी लेखनात अग्रमान त्यांच्याकडे जातो. तिसरा दावा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचा. तेथील कॅरोलिन डाउटी यांच्या १९८६ च्या एकस्वात दोन घंट्यांमधल्या शांत अवकाशात माहिती पाठवण्याची युक्ती आहे. तारेच्या फोनवर पहिली घंटा वाजून गेल्यावर क्रमांक उमटतो, तो या पद्धतीमुळे. क्रमांक तारेवरून पोचवण्याचे श्रेय पारास्केवाकोस यांना, दाखवण्याचे हाशिमोतो यांना आणि घरोघरी परवडेल अशी रीत घालून देण्याचे बेल प्रयोगशाळेला, ही वाटणी अधिक न्याय्य दिसते. ग्राहकांसाठीची व्यापारी सेवा न्यू जर्सीत १९८७ च्या सुमारास सुरू झाली. त्या काळी क्रमांक भरण्याचे काम दूरध्वनी केंद्राकडेच होते, ग्राहकाच्या हाती ते नव्हते.

खोट्याला वाट कोठून मिळाली : आयएसडीएन या डिजिटल दूरध्वनी पद्धतीच्या तीस वाहिन्यांच्या जोडण्या कचेऱ्यांना मिळू लागल्या तेव्हा एक रास्त मागणी पुढे आली. कचेरीतल्या कोणत्याही टेबलावरून फोन लावला तरी समोर मुख्य क्रमांकच दिसावा. त्यासाठी ग्राहकाच्या ईपीएबीएक्सने (कचेरीतल्या खासगी दूरध्वनी केंद्राने) क्रमांक स्वतः भरून पाठवण्याची मुभा आयएसडीएनच्या क्यू.९३१ या मानकात ठेवली गेली. मानककर्ते गाफील नव्हते. क्रमांकासोबत दोन बिटांची एक खूण जाते आणि तिच्या चार शक्यता असतात : ग्राहकाने दिला, तपासला नाही; ग्राहकाने दिला, तपासला, बरोबर निघाला; ग्राहकाने दिला, तपासला, चुकीचा निघाला; आणि केंद्रानेच दिला. म्हणजे क्रमांक किती भरवशाचा आहे हे जाळ्याला सांगता येत होते. पण ही खूण सामान्य ग्राहकाच्या पडद्यापर्यंत कधी आलीच नाही. तपासलेला आणि न तपासलेला असे दोन्ही क्रमांक त्याला एकाच ठशात, एकाच आकारात दिसत राहिले. या विषयावरील बहुतेक लेखनात चोरांच्या हुशारीची वर्णने असतात. या साध्या उणिवेकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि मूळ दुखणे तेच आहे.

केंद्राकेंद्रांमधील संदेशवहनाची एसएस-७ पद्धत १९८० मध्ये प्रथम प्रमाणित झाली. तेव्हा जाळ्यात सरकारी खाती आणि मोजक्या बड्या कंपन्याच होत्या, त्यामुळे शेजारच्या जाळ्याकडून आलेला क्रमांक पुन्हा तपासण्याचे कारण नव्हते. इंटरनेटवरून बोलण्यासाठीची एसआयपी पद्धत १९९९ मध्ये आली आणि २००२ मध्ये सुधारली गेली. तिच्यात ‘कोणाकडून’ हा रकाना पाठवणाराच भरतो, पाकिटावर आपला पत्ता आपणच लिहावा तसा. अशी पाकिटे जुन्या जाळ्यात ओतणारी प्रवेशद्वारे स्वस्त झाली तेव्हा पूर्वी महागडी जोडणी लागणारे काम संगणकावर बसल्याबसल्या होऊ लागले. अमेरिकेत २००४ मध्ये पैसे घेऊन क्रमांक बदलून देणारी सेवा उघडपणे सुरू झाली. बिल आकारणीसाठीचा क्रमांक मात्र वेगळ्या रकान्यातून प्रवास करतो, त्यामुळे पडद्यावर काहीही दिसले तरी फोन ज्या कंपनीच्या जाळ्यातून शिरला तिच्या नोंदींवरून माग काढता येतो. अडचण येते ती तीन-चार देशांतल्या कंपन्यांच्या नोंदी एकत्र जुळवताना.

दुसरा क्रमांक दाखवण्यामागे प्रत्येक वेळी लबाडी असते असे नाही. घरून रुग्णाला फोन करणारा डॉक्टर दवाखान्याचा क्रमांक दाखवू इच्छितो. अमेरिकी कायद्याने (२०१०) फसवण्याच्या, इजा करण्याच्या किंवा गैरमार्गाने लाभ उकळण्याच्या हेतूने केलेला बदलच गुन्हा ठरवला, तो यामुळे.

डिजिटल स्वाक्षरीचा उपाय : स्टर व शेकन या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत फोन निघतानाच मूळ कंपनी त्यावर डिजिटल स्वाक्षरी करते. स्टरची मूळ मानके २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वाक्षरीच्या तीन पातळ्या आहेत : ‘ए’ म्हणजे ग्राहक आणि क्रमांक दोन्ही ओळखीचे, ‘बी’ म्हणजे ग्राहक ओळखीचा पण क्रमांकाची खात्री नाही, ‘सी’ म्हणजे फोन फक्त आमच्या दारातून आत आला. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ ही मुदत होती. ही स्वाक्षरी इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यातच टिकते. वाटेत जुन्या एसएस-७ चा एक टप्पा लागला की ती गळून पडते.

भारतातील स्थिती : नकोशा फोनांविरुद्धची भारतीय व्यवस्था २००७ च्या, असे फोन नको असलेल्या ग्राहकांच्या नोंदवहीपासून सुरू होते. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१० आणि २०१८ मध्ये नवे विनियम आणले व फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांत सुधारणा केली. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने, तर बँकांसारख्या संस्थांच्या सेवा-व्यवहाराच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठेवले आहेत. साध्या दहा आकडी क्रमांकावरून कोणी विक्री करू लागला तर १९०९ वर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. दहा दिवसांत अशा पाच तक्रारी झाल्या की त्या क्रमांकावर कारवाईचा मार्ग खुला होतो. पहिल्या खेपेस पंधरा दिवस बाहेर जाणारे फोन बंद, पुन्हा तेच घडले तर वर्षभर सर्व जोडण्या बंद. या सगळ्याचा पाया असा की पडद्यावरचा क्रमांक खरा आहे. तो तोतया असेल तर तक्रारीचा रोख ज्याचे नाव वापरले गेले त्या निरपराध ग्राहकाकडे वळतो, म्हणून तपासाविना कारवाई येथे धोक्याची ठरते.

दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार दूरसंचार ओळखीत फेरफार करणे हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांस पात्र गुन्हा आहे. तांत्रिक बाजूने मोठा बदल ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. परदेशातून येणाऱ्या फोनवर +९१ चा क्रमांक दिसत असेल, तर तो ग्राहक खरोखर परदेशी जाळ्यात फिरतीवर (रोमिंगवर) आहे का, हे त्याच्या कंपनीच्या नोंदीत पाहायचे. तो नागपुरात असेल आणि त्याच्या नावाचा फोन परदेशातून शिरत असेल, तर तो फोन सीमेवरच तोडायचा. दूरसंचार विभागाच्या निवेदनानुसार पहिल्या २४ तासांत असे सुमारे १.३५ कोटी फोन, म्हणजे भारतीय क्रमांक दाखवत येणाऱ्या आंतरराष्ट्रीय फोनांपैकी सुमारे ९० टक्के, अडवले गेले. पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याची बतावणी, ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल’ ही धमकी आणि पोलिसांच्या नावाने केली जाणारी तथाकथित डिजिटल अटक, या साऱ्यांना अशा फोनांचा आधार होता. कायद्यात डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद नाही, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

सीमा आवळल्यावर दोन पर्यायी वाटा अधिक महत्त्वाच्या ठरल्या. एक व्हॉट्सअ‍ॅपची, जेथे दूरध्वनी जाळ्याचा संबंधच येत नाही. दुसरी सिमबॉक्सची : डझनावारी सिमकार्डे बसवलेल्या पेटीत इंटरनेटवरून फोन उतरवायचा आणि स्थानिक सिमवरून पुढे लावायचा. लातूर जिल्ह्यात २०१७ मध्ये महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाने अशी बेकायदा केंद्रे पकडली होती. सिमबॉक्सला काही जण स्पूफिंगच म्हणतात, पण येथे दिसणारा क्रमांक त्या सिमचाच असल्याने त्याला वेगळा प्रकार मानणे बरे. उलट दिशेचे उदाहरण मीरा रोडचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तेथील कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. अमेरिकी करखात्याच्या नावाने अमेरिकेतील नागरिकांना धमकावून पैसे उकळले जात होते.

फोन घेणाऱ्याने काय करावे : शंका आली की फोन तोडून, बँकेच्या कार्डामागे छापलेला किंवा आपल्याजवळ आधीपासून असलेला क्रमांक स्वतः लावणे, हा सर्वांत भरवशाचा मार्ग. नुकत्याच आलेल्या क्रमांकावर उलट फोन केल्यास तो खऱ्या मालकाला लागतो, आणि त्या बिचाऱ्याला दिवसभर अनोळखी माणसांचे बोल ऐकावे लागतात. काही जुन्या तारेच्या जोडण्यांवर, घेणाऱ्याने फोन ठेवला तरी करणारा तो ठेवेपर्यंत जोडणी काही काळ तुटत नसे. ब्रिटनमध्ये ठगांनी याचा फायदा घेतला : माणूस बँकेला फोन लावतोय असे समजे आणि पलीकडे तोच ठग असे. म्हणून तारेच्या फोनवर शंका आली तर दुसऱ्या फोनवरून खात्री करावी. क्रमांक ब्लॉक करण्याचा उपयोग व्यापारी फोनांपुरताच, कारण तोतया दर वेळी नवे सोंग घेतो. एक घंटा देऊन तोडलेल्या अनोळखी परदेशी क्रमांकावर (जपानीत ‘वानगिरी’, म्हणजे एका घंटेत तोडणे) उलट फोन करू नये. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर कळवावे. केवळ संशय असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या तक्रार-सोयीवर नोंद करावी. भारतीय क्रमांकाआडून परदेशी फोन आल्याचे जाणवले, तर त्याची तक्रार नोंदवण्याची स्वतंत्र सोयही संचार साथीवर आहे.

नावदर्शन : ट्रूकॉलरसारख्या अ‍ॅपमधील नावे मुख्यतः वापरकर्त्यांच्या सहभागातून जमलेली असतात. सिम घेताना नोंदवलेले नाव जाळ्यानेच दाखवावे (सीनॅप), अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ही सेवा ग्राहकाने न मागताही मिळावी यावर ट्राय व दूरसंचार विभागाचे एकमत झाले. नाव शोधले जाते ते दिसणाऱ्या क्रमांकावरून. तोतया क्रमांक छाननीतून निसटला तर पडद्यावर त्या क्रमांकाच्या खऱ्या मालकाचे, कंपनीच्या नोंदीतले नाव उमटेल.