घर्षणाचे नियम आणि भोर घाटाचा चढ

मुंबईत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘मेकॅनिक्स’ असतं आणि त्यात घर्षणाचं प्रकरण. भिंतीला टेकवलेली शिडी, उतारावरचा ठोकळा, त्याखाली सारलेली पाचर. एफबीडी (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढा, बलांची बेरीज शून्य करा, घर्षणाच्या जागी ‘म्यू गुणिले एन’ लिहा (म्यू म्हणजे घर्षणांक, एन म्हणजे पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणारं बल), गणित सुटतं. पुस्तकात हे सगळं एका दमात येतं. प्रत्यक्षात समतोल आणि घर्षण यांची नीट गाठ पडायला दोनशे वर्षं लागली.

समतोल आधी आला. १५८६ साली सिमॉन स्टेविन या डच अभियंत्याने एक त्रिकोण कल्पिला, एका अंगाला लांब उतार, दुसऱ्या अंगाला आखूड. त्याभोवती चौदा गोळ्यांची बंद माळ टाकली. लांब उतारावर गोळे जास्त, म्हणून माळ तिकडे घसरेल म्हणावं, तर घसरल्यावरही मांडणी तीच राहते. मग ती कायम फिरतच राहायला हवी. ते अशक्य, म्हणजे माळ जागची हलत नाही. खाली लोंबणारा भाग दोन्हीकडे सारखाच ओढतो, तो काढून टाकला तरी समतोल टिकतो. उतारावरचं वजन खाली किती ओढतं, हे त्याने असं बसल्या जागी काढलं. यांत्रिकीत इतका देखणा युक्तिवाद मला दुसरा माहीत नाही. पण त्यात घर्षण कुठेच नाही.

घर्षणाचे दोन मूळ नियम लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांत आधीच टिपले होते, पण त्या वह्या छापल्याच गेल्या नाहीत. १६९९ मध्ये गियोम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने ते फ्रेंच अकादमीपुढे नव्याने मांडले: घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. पुढे ऑयलर या गणितज्ञाने स्थिर आणि सरकत्या वस्तूचं घर्षण वेगळं केलं. कूलों या फ्रेंच अभियंत्याने जहाजबांधणीच्या गोदीत प्रयोग केले आणि १७८५ मध्ये छापलेल्या प्रबंधात सगळा विषय पक्का बांधून दिला.

हे आकडे किती जिवावरचे असतात ते मुंबईहून पुण्याकडे जाताना दिसतं. जेम्स बर्कली मुख्य अभियंता असताना जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने भोर घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू केलं; मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्यासाठी हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी दगावले, हे त्या मार्गाबद्दल बोलताना विसरू नये. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट. स्टेविनच्या हिशेबाने ओढ म्हणजे वजन भागिले ३७, म्हणून १००० टनांची गाडी तिथे सुमारे २७ टनांच्या जोराने मागे ओढते. कोरड्या रुळावर पोलादी चाकाचा घर्षणांक ०.२५ धरला, तर १२० टनांचं इंजिन जास्तीत जास्त ३० टन ओढू शकतं. म्हणजे जेमतेम भागतं. रूळ ओला होऊन घर्षणांक ०.१ वर आला की उरतात १२ टन. मोटर कितीही ताकदीची असो, चाक जागीच गरगरतं.

म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, जोडतात. जास्त इंजिनं म्हणजे रुळावर दाबणारं जास्त वजन. शिवाय जोर मागून आल्याने पुढच्या कपलिंगवरचा ताण कमी होतो.

ऑयलरने केलेला भेद इथे कामाला येतो. चाक न घसरता फिरतं तेव्हा रुळाला टेकलेला त्याचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून गाडी ओढतं ते स्थिर घर्षण. एकदा का चाक घसरलं की सरकतं घर्षण लागू होतं, ते कमी असतं आणि घसरण आणखी वाढते. त्यावर उपाय जुनाच आहे: चाकापुढच्या नळीतून रुळावर कोरडी वाळू सोडायची. पावसाळ्यातली मुसळधार सर त्या मानाने बरी, रूळ धुऊन निघतो. पहिली भुरभुर वाईट, कारण रुळावरची धूळ आणि तेल तिच्यात कालवून निसरडा लेप बनतो.

घर्षण क्षेत्रफळावर का अवलंबून नसतं, याचं समाधानकारक उत्तर मात्र विसाव्या शतकात केंब्रिजला बाउडन आणि टेबर यांनी दिलं. दिसायला सपाट असलेले दोन धातू प्रत्यक्षात काही बारीक उंचवट्यांवरच टेकतात. वजन वाढलं की ते उंचवटे दबून खरा स्पर्श वाढतो, आणि घर्षण ठरतं ते या खऱ्या स्पर्शावर.